बिनघोड्याचा तांगा

माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा सौदा एका म्हाताऱ्यानं स्पार्क प्लग खिशात घालून मोडला. हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलंय, की ते कानावर पडलं की माझी बायको उठून आत जाते. "झालं यांचं सुरू," असं पाहुण्यांदेखत म्हणते. म्हणून एकदाचं लिहूनच काढतो. तिची सुटका होईल. माझी झालेलीच आहे, पण ती कशी झाली हे सांगायला गेलो की आधी मला राग येतो, आणि राग आला की गोष्ट घाटातच अडकून राहते.

त्यांना सगळे चाचा म्हणायचे, मीही म्हणायचो. राहायला जुन्या शहरात, शहागंजच्या मागच्या गल्लीत. एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायची नोकरी करून निवृत्त झालेले. अंगात जुनी शेरवानी आणि तिचा उजवा खिसा कायम पांढरा, कारण त्यात खडू. तो खडू कुठंही चालायचा. फरशीवर, भिंतीवर, माझ्या स्कूटरच्या सीटवर. एकदा आमच्या घरी जेवायला आले तेव्हा त्यांनी पोळपाटावर मागच्या चाकाचा कोन काढून दाखवला. बायकोनं पोळपाट धुतला आणि पुढच्या वेळी ते आले तेव्हा आधी लपवून ठेवला.

मी मूळचा करमाडकडचा. शिक्षण बेताचं, डोकं तापट. शहरात येऊन भंगाराचा धंदा केला, भंगारातून वेल्डिंग शिकलो आणि वेल्डिंगच्या जोरावर चितेगावला पत्र्याची शेड टाकली. गेट, ग्रिल, रिक्षांच्या बॉड्या. पाटीलकी आमच्या घराण्यात कधीच नव्हती, पण चाचांच्या लेखी खेड्यातून आलेला मिशीवाला माणूस म्हणजे पाटील. मीही दुरुस्त केलं नाही. फुकट मिळालेली पाटीलकी कोण परत करतो?

चाचा पहिल्यांदा शेडमध्ये आले तेव्हा नमस्कार नाही, चमत्कार नाही. खडू काढला, माझ्या फरशीवर एक लांबट चौकट आखली, आतमध्ये दोन पाट पाठीला पाठ लागेल असे मांडले आणि मला म्हणाले, "बस."

"कोण तुम्ही?"

"आधी बस. मग सांगतो."

का कोण जाणे, मी बसलो. त्यांनी भोवती एक चक्कर मारली, वाकून बघितलं आणि त्रासिक चेहरा केला. "पाटील, तुझे गुडघे लांब आहेत. गाडी एक वीत वाढवावी लागणार."

"माझ्या गुडघ्यांचं तुम्हाला काय पडलंय?"

"तुझे नाहीत रे. तुझ्याएवढे लांब गुडघे शहरात आणखी किती असतील, त्याची पडलीय."

अशी आमची ओळख. त्या खडूच्या गाडीत पुढं जवळजवळ सगळं चितेगाव बसून गेलं. गेटची ऑर्डर द्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी गाडीत बसायचं, मग गेटचं बोलायचं. पोस्टमन बसला. भाजीवाली डोक्यावरच्या पाटीसकट बसली. माझी सासू आली तर तिलाही बसवलं, आणि ती उठताना हात टेकते कुठं हे चाचांनी दोनदा बघितलं. बायकोला तर लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन, पुन्हा पुन्हा चढायला-उतरायला लावलं.

"पाय लई वर उचलावा लागतोय, चाचा," ती म्हणाली.

"किती?"

"आता किती म्हणजे... उंबऱ्यापेक्षा जास्त."

चाचांनी त्याच दिवशी गाडीचा तळ उंबऱ्याच्या उंचीवर आणला. म्हणाले, "घरात जाताना माणूस विचार करत नाही, पाय आपोआप उचलतो. गाडीत पण तसंच पाहिजे."

त्यांना शहरासाठी छोटी गाडी बनवायची होती. छोटी म्हणजे गरिबांची नव्हे, हे ते बजावून सांगत. "गुलमंडीत मोठी गाडी आणणारा माणूस दिवसभर माफी मागत फिरतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. त्यांचे अब्बा निजामाच्या काळात तांगे बनवायचे. पोलीस ॲक्शननंतर बड्या लोकांचे खासगी तांगे विकले गेले, मागाहून रिक्षा आल्या आणि अब्बांचं दुकान बंद पडलं. चाचांचं म्हणणं असं की रिक्षावाल्यांनी आणि मोटारवाल्यांनी तांग्याकडून काही शिकूनच घेतलं नाही. तांगा जिथल्या तिथं वळतो. तांग्यात मागं बसणारा पाठ करून बसतो, म्हणून तांगा आखूड राहतो. गल्ली कितीही अरुंद असो, भिंत दोन्ही बाजूंना खेटलेली असो, मागचा माणूस मागच्या मागं उतरतो. त्याला दार उघडायला जागा लागत नाही.

आमची गाडी तशीच झाली. पुढं दोघं, मागं दोघं, पाठीला पाठ. मधल्या बैठकीखाली रिक्षाचं इंजिन. पुढं सरकती दारं, मागं तांग्यासारखी पायरी आणि वर धरायला आडवा दांडा. चाकं लहान, पण पुढची चाकं इतकी वळायची, की गाडी सिटी चौकात पानाच्या ठेल्यासमोर एका दमात उलटी फिरायची. माझ्या शेडमधली पोरं तिला बिनघोड्याचा तांगा म्हणत. चाचांना राग येत नसे. उलट एकदा म्हणाले, "घोडा आहे की. सीटखाली आहे. चारा कमी खातो, लाथ मारत नाही."

मजा म्हणजे चाचांना गाडी चालवता येत नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "माझ्या अब्बांना तांगा हाकता येत नव्हता. बनवणारा वेगळा, हाकणारा वेगळा. हाकणाऱ्याला गाडीचे दोष सोसायची सवय होते. बनवणाऱ्याला होता कामा नये." म्हणून गाडी मी चालवायचो आणि ते मागं बसून तपासायचे. सीटवर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचा आणि शहागंजपासून पानदरिब्यापर्यंत न्यायची. पाणी कुठल्या खड्ड्यात सांडलं ते ते ओरडून सांगायचे. सांडलं की मी स्प्रिंगचा पट्टा बदलायचा. ईद आणि दिवाळी जवळजवळ आल्या त्या वर्षी, रस्त्यात पाय ठेवायला जागा नव्हती तेव्हा, आम्ही भरला तांब्या घेऊन सगळा बाजार पार केला आणि पलीकडच्या चौकात त्या तांब्यातलं पाणी चाचा प्यायले. माझ्याकडं नुसतं बघितलं. शाबासकी द्यायची त्यांच्यात पद्धत नव्हती. वर्षानुवर्षं सोबत काम केलं, पण "चांगलं झालं" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकले नव्हते. बिघडलेलं तेवढं बोलायचे.

बिघडलेलं बोलायचं, इथंच आमचं वाजायचं. मी सौदा शिकलो बैलबाजारात, वडिलांच्या शेजारी उकिडवं बसून. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालायचा, बोटं दाबायची, चेहरा दगडाचा ठेवायचा. विकणाऱ्यानं जनावराबद्दल एक शब्द जास्तीचा बोलायचा नाही. घेणाऱ्याला डोळे आहेत, त्यानं बघावं. चाचांच्या घरातली रीत उलटी. अब्बा नवा तांगा द्यायचे तेव्हा सगळ्या गल्लीसमोर आधी त्याचा ऐब, म्हणजे खोट, सांगायचे. हा डावीकडं जरा झुकतो. याचा दांडा पावसाळ्यात फुगेल. ऐब सांगून झाला की मग लगाम हातात. "तो तांगा आपल्याच गल्लीतून फिरणार," चाचा म्हणायचे, "आपलीच माणसं त्यात बसणार. लपवून जायचं कुठं?"

त्यामुळं कुणीही गाडी बघायला आलं, की मी तोंड उघडायच्या आत चाचा सुरू. "उन्हाळ्यात मधली बैठक तापते. जालना रोडला आडवा वारा लागला की हलते. पाऊस मागून आला तर मागचे भिजतात."

"चाचा, गप बसा ना जरा!" मी त्यांना बाजूला घेऊन म्हणायचो. "गिऱ्हाईक पळून चाललंय."

"पळू दे. जो ऐब ऐकून पळाला तो उद्या शिव्या द्यायला परत आला नसता का?"

मी पाना आपटायचो.

आता त्या सौद्याबद्दल. पुण्याची एक पार्टी होती. शेठ म्हणू. शहरातल्या हॉटेलांमध्ये परदेशी पाहुणे उतरायचे आणि त्यांना पाणचक्की, मकबरा, दौलताबाद, खुलताबाद फिरवायला वेगळ्या धाटणीची गाडी हवी, असं शेठच्या डोक्यात आलं होतं. गाड्या आमच्या शेडमध्ये बनायच्या. एक-दोन नव्हे, ओळीनं. जमलं असतं तर शेडवर कारखान्याची पाटी लागली असती. माझे मेहुणे तोपर्यंत मला चारचौघांत "आमचे भंगारवाले दाजी" म्हणायचे. मला ती पाटी कशासाठी पाहिजे होती हे आणखी सांगायला नको.

शेठ आले, सोबत एक तरुण इंजिनिअर. मी त्यांना आधी जुन्या शहरात फिरवलं. गाडी त्या दिवशी अशी चालली, की माझीच छाती फुगली. हातगाडी आडवी आली, वळवली. राजाबाजारात बैलगाडी अडकली होती, तिच्या बाजूनं काढली. एका बोळात मी मुद्दाम दोन्ही भिंती खेटून उभी केली आणि इंजिनिअर मागच्या मागं पायरीवरून खाली उतरला. शेठनं टाळी वाजवली.

"कमाल आहे हो, पाटील! पण लोक पाठ करून बसतील?"

"तांग्यात बसतच होते की," चाचा म्हणाले. "आणि मागं बसणाऱ्याला समोरचं दिसत नाही. त्याला भीती वाटत नाही."

"बरं. मधली बैठक तापते म्हणालात, ती?"

"तापते," चाचा म्हणाले. मी डोळे मिटून घेतले.

शेठ हसले. "चालेल. पाहुणे थंडीतच येतात. आता फक्त घाट. दौलताबादचा घाट चढून उतरू, आणि खाली आलो की बोलून टाकू."

"आत्ता चला," मी म्हणालो. चाचा काही बोलले नाहीत. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. गप्प बसणं हा त्यांचा स्वभाव नव्हता.

घाट गाडी चढली. पहिल्या गिअरमध्ये, धापा टाकत, पण कुठं अडली नाही. पुढं मी आणि शेठ, मागं चाचा आणि इंजिनिअर. माथ्यावर मी गाडी वळवली. एका दमात वळली. शेठ घाम पुसत म्हणाले, "चला आता खाली, भूक लागलीय." आणि चाचा पायरीवरून उतरले, पुढं आले, शेठला हात धरून खाली उतरवलं. सीट उचलली, पान्यानं प्लग काढला, गरम प्लग रुमालात गुंडाळून शेरवानीच्या खिशात टाकला.

"गाडी खाली जाणार नाही," म्हणाले.

"अहो, काय झालं?" शेठ गोंधळले.

"शहरात ब्रेक लागतो आणि सुटतो. घाटात लागूनच राहतो, त्याला श्वास घ्यायला फुरसत नाही. चाकं लहान, म्हणून ब्रेकचे ड्रम लहान. माणसं भरून एवढा उतार हिला मी कधी उतरवला नाही."

"मग तेच तर बघायचंय!" मी ओरडलो. "ब्रेकच्या वेल्डिंगचा एक-एक टाका माझ्या हातचा हाय. मी सांगतो ना, धरतील!"

"तुझा टाका मी सपाटीवर पाहिलाय, पाटील. उतारावर नाही पाहिला."

"म्हंजे कच्चा हाय?"

"मी असं नाही म्हणालो. माहीत असलेला ऐब मी सांगतो. हा आहे की नाही हेच मला माहीत नाही. माहीत नसलेला ऐब यांना कसा सांगू? आणि न सांगता यांना बसवू कसा?"

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. सीताफळं विकणाऱ्या बाया टोपल्या सोडून बघायला आल्या, एवढं सांगितलं तरी पुरे. चाचांनी खिशावरचा हात काढला नाही. शेठनं एक काळी-पिवळी जीप थांबवली आणि चढता चढता म्हणाले, "पाटील, आधी तुम्ही दोघं ठरवा, मग मला बोलवा." ठरलं कधीच नाही आणि शेठ पुन्हा आले नाहीत. मी चाकांना दगड लावले, दौलताबादहून टेम्पो आणला. गाडी टेम्पोत चढवताना त्या बायांपैकी एक दुसरीला म्हणाली, "अगं बया, गाडीला गाडीत बसवून न्यायलेत!" सगळ्या घाटाला ऐकू येईल असं हसल्या.

चाचांशी बोलणं बंद केलं. गाडी शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ढकलली आणि पुन्हा गेट-ग्रिलला लागलो. सौदा गेला, ते एक वेळ पचलं असतं. माझे सौदे याआधीही गेलेत. पण गोष्ट चितेगावात पोचली आणि पोचता पोचता बदलली. "टाका कच्चा निघाला म्हणं. म्हाताऱ्यानं ऐनवेळी गाडी थांबवली, नाहीतर पाच-पन्नास फूट खाली." एक जुनं गिऱ्हाईक जिन्याचा कठडा बघायला आलं, हातानं हलवून बघितलं आणि म्हणालं, "याचा टाका तरी पक्का हाय ना, दाजी?"

त्या माणसाला मी शेडबाहेर काढलं. पण त्याचा हात त्या कठड्यावरून हलताना मला दिसत राहिला. भंगारातून मी जे काही वर आलो ते एका गोष्टीवर, माझा टाका तुटत नाही. तीच गोष्ट चाचांनी हवेत लटकवून ठेवली होती. ना चांगली म्हणाले, ना वाईट. शिवी दिली असती तर बरं, असं वाटायचं. मी वर्षभर तेच चघळत होतो. सीट उचलून ब्रेकचे पाइप बघायचो, टाके ठोकून बघायचो. काही सापडायचं नाही. पण शेडमध्ये उभ्या गाडीत काय सापडणार? जे बघायचं ते घाटातच.

शेवटी एके दिवशी सकाळी मी ताडपत्री काढली. माणसांऐवजी वाळूची पोती भरायचं ठरवलं.

"एकटे जाणार?" बायकोनं विचारलं.

"पोती हायेत की सोबत."

"विमा उतरवलाय का?"

"तोंड चांगलं नाय का बोलायला?"

ती आत गेली. मला वाटलं रागानं गेली. ती सरळ मागच्या दारानं जाऊन एसटीनं शहागंजला चाचांना सांगायला पोचली होती, हे मला घाटाच्या माथ्यावर कळलं. मी पोती घेऊन रमतगमत, गाडीला जपत चढून आलो, तर रस्त्याच्या कडेला दगडावर शेरवानी. चाचा खुलताबादच्या बसनं माझ्याआधी येऊन बसले होते.

वर्षभरात आमची ही पहिली भेट. मी बघून न बघितल्यासारखं केलं, गाडी वळवली. ते उठले, मागं गेले आणि एक पोतं ओढून खाली टाकलं.

"काय करताय?"

"पोतं काय कामाचं? ब्रेक तापून वास आला तर पोतं सांगणार आहे का तुला?" त्यांनी दुसरं पोतंही टाकलं. मग पहिलं परत चढवलं. "एक राहू दे. आपण दोघं मिळून दोन माणसं होतो."

"चाचा, उतरा खाली. तुम्हालाच भरवसा नव्हता ना?"

"नाहीच."

"मग बसता कशाला?"

"पाटील, गाडी खडूनं मी काढलीय. भीती पण माझीच आहे. तू दुसऱ्याच्या भीतीत एकटा कशाला जातोस? चल."

मी गिअर टाकला. दुसऱ्या गिअरमध्ये सोडली, इंजिनानं जेवढं धरता येईल तेवढं धरू दिलं. डावीकडं डोंगर, उजवीकडं कठडा आणि त्याच्यापलीकडं नुसती हवा. पहिल्या वळणाला पाय दाबला, गाडी दबली. दुसऱ्याला दाबला, दबली. पुढं उतार लांब होता, तिथं पाय उचलताच येईना. ब्रेक लागूनच राहिला. चाचा म्हणाले होते ते हेच.

"वास येतोय!" मागून आरोळी आली.

"कसला?"

"पापड जास्त भाजल्यासारखा!"

"लई?"

"नाही! थोडा! बघून चालव!"

"तुम्ही गप बसा मग!"

वळणावरून एसटी वर येत होती. तिला वाट दिली. एसटी गेली आणि तिच्या मागून, जुन्या तटातल्या दरवाजाच्या अलीकडं, सगळा रस्ता शेळ्यांनी भरलेला. हॉर्नला शेळ्या कुठं ऐकतात? मी पाय जीव खाऊन दाबला. पायाखाली लोखंड लागलं, म्हणजे तेव्हा तसं वाटलं, आणि त्या लोखंडावर मी उभाच राहिलो. गाडीचं नाक खाली गेलं, पोतं सरकून माझ्या सीटच्या पाठीवर आदळलं. गाडी थांबली. डावी-उजवी न करता, सरळ. पुढची शेळी चाकाला नाक लावून पुढं गेली.

मी हँडब्रेक ओढला. मागून आवाज नाही.

"चाचा?"

मी उतरून मागं धावलो. चाचा दोन्ही हातांनी आडवा दांडा धरून बसले होते. डोळे घट्ट मिटलेले, ओठ हलत होते.

"चाचा, ओ चाचा!"

"थांबली?"

"थांबली."

"पूर्ण?"

"अहो, पूर्ण थांबल्याबिगर मी हितं उभा ऱ्हायलो असतो का!"

त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. खाली उतरले, गुडघा धरत वाकले, बोटाला थुंकी लावून चाकाच्या ड्रमवर टेकवली. चर्र आवाज झाला. "तापलंय," ते म्हणाले. मग वाकल्या वाकल्याच खाली जाऊन पाइप पाहिले, टाके पाहिले, एकेकाला नख लावून पाहिलं. शेळ्या संपल्या. शेळीवाला पण थांबून बघायला लागला.

"पाटील," चाचा उठत म्हणाले, "तुझा टाका पक्का आहे."

एवढंच ऐकण्यासाठी मी वर्ष काढलं होतं. त्याच्यावर काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं, मोठंच्या मोठं. "आता सांगताय!" मी ओरडलो. "तवा शेठसमोर तोंडात काय खडू धरला व्हता?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"अन् आता?"

"आता माहीत आहे."

इतक्या सरळपणे म्हणाले, की माझं पुढचं भाषण बसूनच गेलं. मी मागच्या पायरीवर टेकलो. चाचा माझ्या शेजारी टेकले. त्यांची शेरवानी पाठीवर घामानं काळी पडली होती.

"एक सांगू?" ते म्हणाले. "मागं बसणाऱ्याला भीती वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगत आलो. त्या शेठला सांगितलं."

"मग?"

"झूठ आहे. दिसत नाही म्हणूनच जास्त वाटते. सारा रस्ता मला वाटत होतं, आता गेलो. आता गेलो. मला त्या बकऱ्या पण दिसल्या नाहीत. हा ऐब मला आज कळला."

मला हसू आलं. म्हणजे असं आलं, की शेळीवाला चार पावलं मागं सरकला. चाचांनी आधी मोठे डोळे केले, मग तेही हसायला लागले. त्यांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं, ते घामाचं की आणखी कशाचं, मी विचारलं नाही. त्या गाड्यांची ओळ पुढं कधी उभी राहिली नाही, कारखान्याची पाटी लागली नाही, मेहुणे अजून भंगारवाले दाजीच म्हणतात. ती एकच गाडी पुढं कितीतरी वर्षं शहागंजच्या गल्ल्यांमधून चाचांच्या घरच्यांना, शेजाऱ्यांना, कुणाकुणाला फिरवत राहिली, आणि तिच्या ब्रेकला हात लावायची वेळ आली नाही. सौद्याचा राग माझ्या मनात आहे तो आहेच. पण तो हलका झाला त्या पायरीवर, हे खरं.

हसणं थांबल्यावर चाचांनी दरवाजाकडं बघितलं, मग मागं घाटाकडं.

"चल, परत वर."

"आँ? आता कशाला?"

"पुन्हा उतरू. ह्या वेळी मी पुढं बसतो. मला बघायचंय ती कशी उतरते."

"पेट्रोल काय तुमच्या अब्बांच्या दुकानातून आणायचं?"

पण तोवर ते पुढचं दार सरकवून आत बसलेही होते. मी पोतं नीट केलं, ड्रम थंड होईस्तोवर पाणी प्यायलो, आणि गाडी वळवली. दरवाजासमोर रस्ता एवढा अरुंद, की एसटीवाले तिथं शिव्या घालतात. ती एका दमात वळली. चढाला लागलो. चाचांनी दोन्ही पाय समोरच्या पत्र्याला रेटून लावले होते, जणू ब्रेक त्यांच्याच पायाखाली आहे, आणि नजर रस्त्यावर अशी, की पापणी लवत नव्हती.

"हळू, पाटील, हळू," ते म्हणाले.

"चाचा, आपण अजून चढतोय."